गौरवाकडून शोधाकडे : शालेय स्पर्धा आणि स्त्रियांचा इतिहास (सोलापूरच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शाळांच्या वार्षिक नियोजनात स्त्रियांच्या इतिहासाला ठरावीक दिवस नेमून दिलेले आहेत. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, १२ जानेवारीला राजमाता जिजाऊंची जयंती आणि ८ मार्चला जागतिक महिला दिन असे हे वेळापत्रक होय. अहिल्यादेवी होळकर यांच्या जन्माला २०२५ साली ३०० वर्षे पूर्ण झाल्याने त्यात त्रिशताब्दीचीही भर पडली. या निमित्ताने निबंध, वक्तृत्व, वेशभूषा, प्रश्नमंजूषा अशा स्पर्धा घेतल्या जातात. त्यांमागील हेतू चांगला असतो आणि शिक्षकही त्यासाठी परिश्रम घेतात. तथापि या स्पर्धांमधून विद्यार्थी स्त्रियांच्या इतिहासाचा अभ्यास करतो काय, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

प्रस्तुत लेखात या स्पर्धांच्या स्वरूपाची चिकित्सा करावयाची आहे. कोणतीही स्पर्धा ज्या गोष्टीला गुण देते, तीच गोष्ट विद्यार्थ्याच्या मनात ज्ञान म्हणून रुजते, हे या विवेचनाचे गृहीतक आहे. शालेय स्पर्धा आज गौरवाला गुण देतात. त्यांनी शोधाला गुण द्यावेत आणि सोलापूरसारख्या शहरात ते शक्य तर आहेच, शिवाय तातडीचेही आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

स्पर्धा काय मोजते?

वक्तृत्व स्पर्धेच्या गुणपत्रिकेत सामान्यतः विषयाची मांडणी, उच्चार, पाठांतर, हावभाव व वेळेचे भान असे रकाने असतात. निबंध स्पर्धेत मुद्देसूदपणा, भाषाशैली व हस्ताक्षर पाहिले जाते. ‘ही माहिती तुला कोठून मिळाली?’ या प्रश्नासाठी मात्र रकाना नसतो. परिणामी भाषणे एकमेकांसारखी होतात. अंगावर शेण झेलत शाळेकडे जाणाऱ्या सावित्रीबाईंचा प्रसंग प्रत्येक भाषणात येतो. परंतु तो प्रथम कोणी, केव्हा व कशाच्या आधारे नोंदवला हे विद्यार्थ्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक असावे अशी अपेक्षाही कोणी बाळगत नाही. प्रसंग खरा की खोटा हा येथे मुद्दा नाही. आधार विचारण्याची सवय लागत नाही, हा मुद्दा आहे.

गौरवाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ सालचा, परंतु डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेले त्यांचे समग्र वाङ्मय १९८८ साली प्रसिद्ध झाले. ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली छापले गेले. ते सर्वसामान्य अभ्यासकाच्या हाती पुन्हा आले ते १९७५ साली, स. गं. मालशे यांच्या संपादनामुळे. ज्या स्त्रियांचा उल्लेखही दीर्घकाळ होत नव्हता, त्यांचे नाव शाळेच्या व्यासपीठावरून आदराने घेतले जाणे ही एका अन्यायाची भरपाई होती. म्हणून गौरव निरर्थक ठरत नाही. मात्र तो अभ्यासाचा आरंभ आहे. आपल्या स्पर्धांनी त्यालाच शेवट मानले आहे. शिवाय वर उल्लेखिलेली दोन्ही पुस्तके आज आपल्यासमोर आहेत ती गौरवपर भाषणांमुळे नव्हेत, तर कोणीतरी जुनी प्रत शोधली, वाचली आणि छापली म्हणून, हे लक्षात घेतले पाहिजे.

आधार विचारण्याची सवय नसल्याचा तोटा काय होतो, हे जानेवारी २०२५ मध्ये उद्भवलेल्या एका वादातून दिसून आले. सावित्रीबाईंच्या सहकारी फातिमा शेख या काल्पनिक व्यक्ती आहेत, असा दावा त्या वेळी समाजमाध्यमांवर करण्यात आला. या दाव्याला उत्तर देण्याचे साधन उपलब्ध होते. सावित्रीबाईंनी जोतीरावांना १० ऑक्टोबर १८५६ रोजी लिहिलेल्या पत्रात फातिमा हिचा उल्लेख आहे. त्या उल्लेखावरून काय सिद्ध होते व काय सिद्ध होत नाही, याचा विचार शांतपणे करता येतो. शाळा चालवण्याच्या कामात फातिमा नावाची सहकारी स्त्री होती असे म्हणता येते. परंतु भाषणांतून सांगितले जाणारे तिचे सविस्तर चरित्र त्या एका ओळीवर उभे करता येत नाही. एवढा भेद इयत्ता नववीच्या विद्यार्थ्याला निश्चितच समजतो, परंतु त्याला तो कोणी शिकवलेला नसतो. ज्याने केवळ गौरव पाठ केला आहे, त्याच्यापुढे अशा वेळी संपूर्ण विश्वास किंवा संपूर्ण अविश्वास हे दोनच मार्ग उरतात.

पाठ्यपुस्तक याबाबतीत स्पर्धांच्या पुढे गेले आहे, हे नमूद करणे आवश्यक आहे. महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळाने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या इयत्ता दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य व भारतीय परंपरांवर स्वतंत्र पाठ आहेत. त्यात स्त्रीवादी इतिहासलेखनाची ओळख करून देताना ताराबाई शिंदे, मीरा कोसंबी, शर्मिला रेगे यांचे उल्लेख येतात. उपयोजित इतिहासावरही एक पाठ आहे. म्हणजे इतिहास कसा लिहिला जातो, हा विषय शाळेच्या वर्गात पोहोचला आहे. परंतु परीक्षेत तो योग्य पर्याय निवडणे व चुकीची जोडी ओळखणे अशा प्रश्नांपुरता उरतो. स्त्रीवादी इतिहासलेखन म्हणजे काय, हे सांगता येणाऱ्या विद्यार्थ्याने त्या दृष्टीने एक पानही लिहिलेले नसते. वर्गातील हा पाठ आणि घरातील, वस्तीतील साधने यांना जोडणारा दुवा म्हणून स्पर्धेचा उपयोग करता येईल.

मुक्ताबाईंचा निबंध : एक निकष

शाळकरी वयाच्या मुलीकडून संशोधनाची अपेक्षा करणे अवास्तव आहे, असे म्हटले जाण्याची शक्यता आहे. या आक्षेपाला मराठी वाङ्मयाच्या इतिहासातच उत्तर आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ताबाई साळवे या विद्यार्थिनीचा मांग व महार यांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्या वेळी तिचे वय सुमारे चौदा वर्षांचे होते. आज आपण हा निबंध दलित स्त्रीच्या लेखनाचा आरंभ म्हणून गौरवतो. तथापि तो एका विद्यार्थिनीचे लेखन म्हणून वाचला, तर त्याच्या रचनेतून काही निकष हाती लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे या निबंधाला प्रश्न आहे. वेदांवर एका वर्णाचाच अधिकार असेल, तर आमचा धर्म कोणता, असे ती विचारते. दुसरी गोष्ट अशी की, ती आपल्या समाजात जतन झालेल्या मौखिक स्मृतीचा पुरावा म्हणून वापर करते. इमारतींच्या पायात माणसे पुरली जाणे, पेशवाईत मांग-महारांना सोसावे लागलेले क्रौर्य यांचे कथन त्या काळाच्या राजदरबारी कागदांत शोधावयास जाणाऱ्याला सहजासहजी मिळणार नाही. तिसरी आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे ती बाळंतपणाबद्दल लिहिते. डोक्यावर छप्पर नसलेल्या बाळंतिणींना थंडीपावसात काय सोसावे लागते, हे ती स्त्रियांच्या अनुभवातून मांडते. जातीच्या दुःखाचे वर्णन करताना स्त्रीच्या देहाला होणारे दुःख तिने वेगळे ओळखले आहे.

प्रश्न, पुरावा आणि नजरेआड राहिलेल्या अनुभवाची नोंद हे संशोधनाचे तीन घटक या छोट्या निबंधात आहेत. त्यात कोणा थोर व्यक्तीचे चरित्र नाही. आजच्या गुणपत्रिकेतील पाठांतर व हावभाव यांच्या रकान्यांत या निबंधाला किती गुण मिळाले असते, याचा विचार आयोजकांनी अवश्य करावा.

याच काळासंबंधी आणखी एक प्रसंग व्याख्यानांतून वारंवार सांगितला जातो. बक्षीस समारंभात फुल्यांच्या शाळेतील एका मुलीने, आम्हाला खाऊ वा खेळणी नकोत, ग्रंथालय द्या, अशी मागणी केली, असा तो प्रसंग होय. त्याचा मूळ आधार शोधणे, तो वेगवेगळ्या पुस्तकांत कोणाच्या नावावर सांगितला आहे हे पडताळणे, हा विद्यार्थ्यांच्या गटासाठी एक उत्तम प्रकल्प ठरेल. प्रसंगाला टाळ्या मिळवण्यापेक्षा त्याचा माग काढणे अधिक मोलाचे आहे.

‘आम्हीही इतिहास घडवला’ : पद्धतीचा धडा

मुक्ताबाईंनी स्वतःच्या समाजाचा अनुभव लिहिला. दुसऱ्यांचा अनुभव विचारून, नोंदवून त्याचा इतिहास कसा करावा, याचा मराठीतील वस्तुपाठ म्हणजे उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ (१९८९) हे पुस्तक होय. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांचा सहभाग त्यांनी दोन अंगांनी मांडला. एकीकडे त्यांनी सभा, परिषदा, ठराव व वृत्तपत्रीय नोंदी यांचा मागोवा घेतला आणि दुसरीकडे चळवळीत प्रत्यक्ष वावरलेल्या स्त्रियांना भेटून त्यांच्या मुलाखती घेतल्या. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेस हजारो स्त्रिया जमल्या होत्या. परिषदेचे ठराव कागदावर राहिले. परंतु त्या स्त्रिया घरातील कामे कशी उरकून निघाल्या, मुले कोणाकडे ठेवली, घरी कोणाचा विरोध झाला, यांसारख्या गोष्टी विचारल्याखेरीज कोणी सांगत नाही.

या पुस्तकाचे शीर्षकच एक विधान आहे. त्यातील ‘ही’ या अव्ययात, इतिहास दुसऱ्यांनी घडवला असे आजवर मानले गेले, याची आठवण आहे. आपण काही केले असे या पिढीतील स्त्रियांना सहसा वाटत नाही. त्यामुळे ‘तुम्ही काय कार्य केले?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर मिळते. ‘त्या दिवशी सकाळी तुम्ही किती वाजता उठलात?’ असे विचारले की उत्तर सुरू होते. विद्यार्थ्याला शिकवावयाची पद्धत ती हीच. प्रश्न ठोस असावा, उत्तर मध्येच तोडू नये, सांगणारीचे शब्द शक्यतो तसेच लिहावेत आणि नंतर त्यांची तुलना अन्य साधनांशी करावी. स्मृती चुकू शकते. कागदही अपुरा असतो. दोन्ही समोर ठेवून विचार करणे म्हणजेच इतिहासाचा अभ्यास.

सोलापूर : साधने घरात आहेत

सोलापूरकरांच्या दृष्टीने १२ जानेवारी या तारखेला आणखी एक अर्थ आहे. १९३१ साली याच दिवशी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. मे १९३० मधील लष्करी कायदा व हे चार हुतात्मे यांचा इतिहास शहरातील प्रत्येक शाळेत सांगितला जातो आणि तो सांगितलाच पाहिजे. परंतु लष्करी कायद्याच्या त्या दिवसांत घरात धान्य कसे आले, पाणी कोणी भरले, गिरणीत कामाला जाणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीचे काय झाले, पुरुष पकडले गेल्यावर घरे कोणी सांभाळली, हे प्रश्न त्याच इतिहासाचे आहेत. ते विचारल्याने हुतात्म्यांचे मोल कमी होत नाही. उलट ज्या शहराने त्यांना घडवले ते शहर पूर्णत्वाने दिसू लागते.

१८७७ साली स्थापन झालेल्या जुन्या मिलपासून सोलापूरचा आधुनिक औद्योगिक इतिहास सांगितला जातो. कापडगिरण्यांत सूत गुंडाळण्याच्या कामावर स्त्रिया होत्या. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा कामगार पुढाऱ्यांची, मालकांची, संपांची चर्चा झाली. ‘गिरणी बंद झाल्यावर आपले घर कोणाच्या कमाईवर चालले?’ हा प्रश्न आठवी-नववीचा विद्यार्थी स्वतःच्या घरात विचारू शकतो. सोलापुरातील अनेक घरांत त्याचे उत्तर आजीने वळलेल्या विड्यांपाशी येऊन थांबेल.

विडी उद्योग हा या शहरातील स्त्रियांच्या श्रमाचा फार मोठा अध्याय आहे. पान भिजवणे, कापणे, तंबाखू भरून विडी वळणे, दोरा बांधणे हे काम घरात बसून होत असल्याने त्याला ‘काम’ म्हणून मान्यता मिळण्यासाठी संघर्ष करावा लागला. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी कायदा यांमुळे या स्त्रियांच्या हाती ओळखपत्र आले. मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाला जोडण्यासाठी शाळेने मागवून घेतलेले हे ओळखपत्र स्वतःच एक ऐतिहासिक साधन आहे, ही गोष्ट शाळेच्या कधी ध्यानी येत नाही. त्यावर स्त्रीचे नाव आहे, वय आहे, मालकाचे नाव आहे. एक हजार विड्यांमागे मिळणारी मजुरी कोणत्या साली किती होती, नाकारलेल्या विड्यांचे काय होत असे, हे त्या कार्डाच्या धारकालाच सांगता येते.

कुंभारी येथील दहा हजार घरांच्या विडी कामगार वसाहतीला गोदूताई परुळेकर यांचे नाव आहे. ही घरे २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते कामगार स्त्रियांना देण्यात आली. ‘जेव्हा माणूस जागा होतो’च्या लेखिका व वारली लढ्याच्या नेत्या गोदूताई यांच्यावर निबंध लिहिणे सोपे आहे. त्या वसाहतीत राहणाऱ्या मुलीने आपले घर मिळवण्यासाठी आईने किंवा आजीने किती वर्षे पैसे साठवले, किती मोर्चांना ती गेली, हे लिहिणे अधिक कठीण आहे. गोदूताईंच्या स्मृतीला साजेसे लेखन यांपैकी दुसरे होय, असे आम्हास वाटते.

अहिल्यादेवींचे नाव तर आपल्या विद्यापीठाला आहे. २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठाचा नामविस्तार २०१९ साली झाला. त्यांच्यासंबंधीचा पत्रव्यवहार, द. ब. पारसनीस यांनी प्रसिद्ध केलेली महेश्वर दरबारची बातमीपत्रे अशी साधने छापील स्वरूपात आहेत. अशा एका पत्राचे वाचन करून त्यावर दोन पाने लिहावयास सांगितली, तर राज्यकर्त्या स्त्रीचा अभ्यासही पुराव्यानिशी होऊ शकेल.

येथे भाषेचा प्रश्न उपस्थित होतो. सोलापूर हे मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चार भाषांचे शहर आहे. पद्मशाली समाजातील आजी आपली हकिगत तेलुगूत सांगते, लिंगायत घरातील आजी कन्नडमध्ये, तर मुस्लिम घरातील नानी दखनी-उर्दूत बोलते. स्पर्धेचे माध्यम केवळ मराठी ठेवले, तर या स्त्रिया साधन म्हणूनही बाहेर राहतात आणि त्यांच्या नातवंडांना पहिल्याच पायरीवर मागे राहावे लागते. मूळ कथन ज्या भाषेत आहे त्याच भाषेत नोंदवावे व सोबत मराठीत सारांश द्यावा, असा नियम करता येईल. दोन भाषा जाणणारे मूल या स्पर्धेत अडचणीत न येता उलट पुढे असेल.

काही आक्षेप

संशोधनाला स्पर्धेचे स्वरूप देणे योग्य आहे काय, असा आक्षेप घेता येईल. संशोधनात सहकार्य लागते, तर स्पर्धेत चढाओढ असते. हा आक्षेप पूर्णतः फेटाळता येणार नाही. परंतु याबाबत पूर्वानुभव आहेत. १९९३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने दहा ते सतरा वयोगटातील मुलांना गटाने, परिसरातील समस्येवर, स्वतः माहिती गोळा करून प्रकल्प करावयास लावले. विज्ञानात जे शक्य झाले ते इतिहासात अशक्य मानण्याचे कारण नाही. जर्मनीत १९७३ पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी स्थानिक इतिहासावरील राष्ट्रीय स्पर्धा घेतली जाते. तेथील पासाऊ गावच्या आन्या रोस्मुस या विद्यार्थिनीने निबंध स्पर्धेच्या निमित्ताने नाझी काळातील आपल्या गावाचा शोध घेतला, तेव्हा गावातील प्रतिष्ठितांचा रोष तिला सहन करावा लागला. खऱ्या शोधाला किंमत मोजावी लागते, हेही या उदाहरणावरून ध्यानात येते.

यातूनच दुसरा व अधिक गंभीर आक्षेप पुढे येतो. मुलीने आपल्या आईला वा आजीला प्रश्न विचारले, तर उत्तरात मारहाण, सोडून दिलेला संसार, कर्ज, लहानपणीचे लग्न असे काहीही निघू शकते. सोलापुरातील सेटलमेंट भागात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची स्मृती आहे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, तरी त्या शिक्क्याचे दुःख कुटुंबात शिल्लक असते. कोणाचे दुःख बक्षिसासाठी व्यासपीठावर मांडले जाऊ नये. म्हणून सांगणाऱ्या स्त्रीची संमती, नाव न देण्याची मुभा, लिहिलेले तिला वाचून दाखवणे आणि तिने नको म्हटलेला भाग गाळणे या बाबी नियमावलीत गुणांपेक्षा वरच्या स्थानी असाव्यात. ‘आजीने हे लिहू नको असे सांगितले’ ही नोंदसुद्धा इतिहासाची नोंद आहे, हे परीक्षकाला समजले पाहिजे.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. प्रकल्प पालक किंवा शिक्षक लिहून देतील, असे म्हटले जाते. यावर उपाय सोपा आहे. परीक्षकांनी विद्यार्थ्याशी दहा मिनिटे बोलावे. स्वतः विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कसे मिळाले, हे मूल न अडखळता सांगते. दुसऱ्याने लिहिलेले प्रकरण ते पाठ म्हणून दाखवते. दोहोंतील फरक कोणत्याही अनुभवी शिक्षकाच्या लक्षात येतो.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

१) स्पर्धेचा विषय म्हणून व्यक्तीचे नाव न देता प्रश्न द्यावा.
२) प्रत्येक प्रकल्पात किमान एक मूळ साधन असावे. मुलाखत, ओळखपत्र, शाळेच्या जुन्या पटावरील नोंद, पत्र, छायाचित्र यांपैकी काहीही चालेल.
३) शहरातील चारही भाषांतील कथन स्वीकारावे.
४) संमतीचा नियम बंधनकारक असावा.
५) गुणपत्रिकेत ‘आधार’ हा स्वतंत्र व सर्वाधिक गुणांचा रकाना ठेवावा.
६) स्वीकारलेल्या प्रकल्पाची एक प्रत महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, तर एक प्रत सांगणाऱ्या स्त्रीच्या घरी द्यावी.

यांतील बराचसा भार महाविद्यालयीन प्राध्यापकांनी उचलणे आवश्यक आहे. शालेय शिक्षकांवर आधीच अनेक कामांचा बोजा आहे. इतिहास, समाजशास्त्र, मराठी, कन्नड, उर्दू या विभागांतील प्राध्यापकांनी जवळच्या दोन-तीन शाळांशी नाते जोडले, प्रश्नावली तयार करण्यास मदत केली आणि परीक्षक म्हणून भाषण ऐकण्याऐवजी पुरावा तपासला, तर या उपक्रमास वेगळ्या निधीची फारशी गरज भासणार नाही. आपल्या संशोधनालाही त्यातून साधने मिळतील. परंतु त्या वेळी ती गोळा करणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव नमूद करण्याचा प्रामाणिकपणा आपण दाखवला पाहिजे.

सावित्रीबाईंवरील भाषण पुढच्या वर्षीही करता येईल. जुन्या गिरणीत काम केलेली, पहिल्या मोर्चाला गेलेली, विड्यांच्या मजुरीवर मुलांना शिकवलेली पिढी मात्र आता वार्धक्यात आहे. तिच्याजवळ बसून लिहून घेण्याची मुदत कोणत्याही आयोजकाला वाढवून देता येणार नाही. म्हणून येत्या जानेवारीच्या परिपत्रकात ‘निबंध लिहा’ याऐवजी ‘विचारा, तपासा आणि मग लिहा’ एवढा बदल जरी झाला, तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.